हॅलोविनचे ससे

एल्वुड हॉकेनबेरीइतका चिकट माणूस मिलर्सफोर्डमध्ये शोधून सापडणार नाही, असं त्याची बायकोच चारचौघांत सांगायची, आणि तो शेजारी बसून मान डोलवायचा. चुनखडीच्या खाणीवर वजनकाट्यापाशी जन्म काढलेला माणूस. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचा. थंडीत घरात स्वेटरवर कोट चढवून बसायचा, पण हीटरचा काटा पुढे सरकू द्यायचा नाही. चहाची पुडी दोनदा वापरून झाली की टाकण्याआधी तिच्याकडे अशा नजरेने बघायचा, जणू तिच्यावर अन्याय होतोय.

बायको अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. आता निवृत्त झाली, पण अर्धं गाव तिच्या हातची मॅकरोनी खाऊन मोठं झालंय. एरवी तीही काटकसरीच, शिळ्या पावाचं पुडिंग करणारी. पण ऑक्टोबर उजाडला की तिच्या अंगात यायचं.

आमच्या चेस्टनट स्ट्रीटवर घरं एकमेकांना खेटून आहेत. गावाबाहेर शेतांमधून एका दारातून दुसऱ्या दारात जायचं तर गाडी काढावी लागते, म्हणून तिकडची सगळी पोरं हॅलोविनला, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी, भुताखेतांचे वेश करून खाऊ मागायला आमच्या रस्त्यावर येतात. सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजतो, आठला पुन्हा वाजतो, आणि मधल्या वेळात सहाशेच्या आसपास पोरं प्रत्येक दार वाजवून जातात. आम्ही बाकीचे त्यांच्या पिशवीत चिमटीत मावेल एवढी गोळी टाकतो. अर्लीन अख्खा चॉकलेटचा बार द्यायची. शिवाय पोर्चवर दिवे, कोळ्यांची जाळी, कोरलेले भोपळे, धूर सोडणारं यंत्र. मी समोरच राहते, टपाल कचेरीत काम करते. त्या संध्याकाळी माझ्या दारातली पोरं गोळी घेता घेताच मान वळवून तिच्या घराकडे बघत असायची.

एल्वुड त्या दोन तासांत तळघरात जाऊन बसायचा. खाली त्याच्या स्क्रूंच्या बरण्या होत्या. लांबीप्रमाणे, जाडीप्रमाणे, डोक्याच्या आकाराप्रमाणे तो स्क्रू निवडत बसायचा. डोक्यावर पोरांच्या पावलांचा धडधडाट, आणि प्रत्येक पावलागणिक एक बार गेला, हे त्याच्या मनात.

ऋण काढून सण करू नये म्हणतात. अर्लीन करायची. क्रेडिट कार्ड घासून सगळं आणायची, आणि मग नोव्हेंबरभर दोघं कोबी आणि शेवया खायची. गेल्या वर्षी चॉकलेटचे भाव असे चढले की ते बिल फिटता फिटता मार्च उजाडला. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी एल्वुड स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. मी तिथेच कॉफी पीत बसले होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलंय.

"वर्षभर मी दिवे बंद करत घरभर फिरतो," तो म्हणाला, "आणि एका संध्याकाळी तू सगळं भुतांना वाटून टाकतेस."

अर्लीन भांडेल असं मला वाटलं. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"बरं. मग या वर्षीचं हॅलोविन तू चालव."

"मी?"

"तूच. एवढी अक्कल आहे ना पैशाची. मी फक्त शिवणकाम करीन. अट एकच. एकही पोर रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि चिमटीतल्या गोळ्या चालायच्या नाहीत. त्या लोइसला देऊ देत."

माझंच नाव निघाल्यावर मी कॉफीत तोंड घातलं.  एल्वुडला वाटलं असणार, एका वर्षात हे खूळ कायमचं मोडून काढू. तो हो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली तीन पाकिटं लागली. एकावर 'खाऊ', दुसऱ्यावर 'सजावट', तिसऱ्यावर 'आफत'. पेन्शन आली की आधी या पाकिटांत पैसे जायचे आणि मग घरखर्चाला उरायचे. शुक्रवारी अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये तळलेला मासा आणि एक ग्लास बिअर ही त्याची आयुष्यातली एकमेव चैन. तीही त्याने एकाआड एक शुक्रवारी करून टाकली आणि वाचलेली रक्कम पहिल्या पाकिटात. अर्लीन तिसऱ्या पाकिटाला हसायची. हॅलोविनला कसली आलीय आफत, म्हणायची, आफत तर तू स्वतःच आहेस. एल्वुड म्हणायचा, खाणीवर असताना मी ट्रकचं वजन करायचो, त्यात ड्रायव्हरचंही धरायचो. तो उतरेल म्हणून सोडून देत नव्हतो, आफतही तशीच आधी धरायची.

एप्रिलमध्ये ईस्टर झाला, आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एल्वुडने जे केलं त्याची चर्चा गावात उन्हाळाभर पुरली. ईस्टरला दुकानांमधून चॉकलेटचे ससे भरलेले असतात, आतून पोकळ, खोक्यात उभे, तळहाताएवढे. सण उलटला की त्यांना कुणी विचारत नाही, भाव चौथाईवर येतो. एल्वुडला हे ठाऊक होतं. भांडवल हवं होतं, म्हणून आदल्या आठवड्यात त्याने आपल्या स्क्रूंच्या सगळ्या बरण्या जुन्या सामानाच्या दुकानदाराला विकल्या. अर्लीनला हे कळलं तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. इतक्या वर्षांत त्याने त्यातला एक स्क्रूही कुणाला उसना दिला नव्हता.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो दारात उभा. आसपासच्या तीन गावांतली दुकानं पालथी घालून दुपारी परत आला तेव्हा गाडीत मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, सामानाच्या कप्प्यात, सगळीकडे ससे. पिवळे बो बांधलेले, गुबगुबीत, शेकड्यांनी. मी दारात उभी राहून बघत होते. अर्लीन पोर्चवर कमरेवर हात ठेवून उभी.

"एल्वुड, हे ईस्टरचे ससे आहेत."

"ससेच आहेत."

"हॅलोविनला कोण ससे वाटतं?"

"ससा मेला की त्याचं भूत होतंच की," एल्वुड म्हणाला. "पांढऱ्या कागदात गुंडाळायचं, दोन डोळे काढायचे. भूत तयार. वजनाला तुझ्या बारपेक्षा जास्त आहे, मी काट्यावर ठेवून बघितलंय."

अर्लीनने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमलं नाही. ससे तळघरात गेले. बरण्यांच्या जागी आता फळीवर फळी ससे. थंडावा बरोबर राहतो का हे बघायला त्याने तिथे एक थर्मामीटर टांगला आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन बघून यायचा. अर्लीन मला म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा ताप कधी याने बघितला नाही.

त्याच सुमारास कोपऱ्यावरचं रिकामं दुकान यारित्झा नावाच्या मुलीने चालवायला घेतलं आणि वरच्या मजल्यावर ती राहायला आली. मूळची डोमिनिकन, जवळच्या हेझलटन शहरात वाढलेली, तिशीतली, तोंडाने तिखट. मे महिन्यात घरमालक तिला जाता जाता सांगून गेला की हॅलोविनला या रस्त्यावर जरा गर्दी असते. जरा म्हणजे किती, हे विचारायला ती माझ्याकडे आली. मी सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. नवीन दुकान, अजून फ्रिजचे पैसे फिटायचे आहेत, सहाशे पोरांना मी कुठून देऊ, म्हणाली. त्या दिवशी दिवा बंद करून आईकडे निघून जाईन. पोर्चचा दिवा बंद असला की पोरं ते दार वाजवत नाहीत, एवढं तिला माहीत होतं. मी तिला म्हटलं, एल्वुडला भेट.

एल्वुड तिच्या दुकानात गेला आणि काउंटरला टेकून त्याने तिला पाकिटांची पद्धत समजावून सांगितली. ऑक्टोबरचा खर्च ऑक्टोबरमध्ये काढायला गेलीस तर जीव जाईल. मेपासून काढलास तर कळणारसुद्धा नाही.

"डॉन एल्वुड," यारित्झा म्हणाली, "मी दुकानदार आहे. तुम्ही मला हिशेब शिकवताय?"

त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला मान द्यायला तसं म्हणतात. एल्वुडला वाटलं ती आपल्याला गुंड म्हणतेय. तो तणतणत घरी आला. अर्लीनने खुलासा केल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि या वेळी हिशेब यारित्झाने त्याला शिकवला. तुम्ही सगळे वेगवेगळे दुकानांतून सुटा खाऊ आणता, म्हणाली. सगळ्या रस्त्याने मिळून मला पैसे दिलेत तर घाऊक बाजारातून मी तो आणीन. मी वर एक पैसा घेणार नाही. माझं दुकानही तुमच्यातलंच एक घर धरा, एवढंच.

एल्वुडला रात्री झोप लागली नसावी, कारण सकाळी सातला तो माझं दार वाजवत होता. अशी आमच्या रस्त्याची भिशी सुरू झाली. प्रत्येक घराने महिन्याला एवढे काढायचे, आणि ते सगळं एल्वुडकडे जमायचं. ज्या माणसाला कुणी कधी जेवायला बोलावलं नव्हतं, कारण तो उलट बोलावेल अशी आशा नव्हती, तो आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दारोदार जायचा. पैसे घ्यायचा, आणि मग निघायचा नाही. कुणाच्या नळाची गळती बघायचा, कुणाला जुनी बॅटरी कशी जपावी ते सांगायचा. माझ्याकडे त्याने शेंगदाण्याच्या बिस्किटांचा अख्खा डबा संपवला. फुकटच्या खाण्याला त्याचा कधीच विरोध नव्हता.

ऑगस्टमध्ये अर्लीनने जुन्या पांढऱ्या चादरीतून त्याच्यासाठी सशाचा पोशाख शिवला. भुताच्या सशाचा. एक कान ताठ आणि एक पडलेला, कारण आत घालायला तार एकाच कानापुरती होती आणि नवीन तार आणायला त्याने नकार दिला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की एल्वुड रस्त्यात शीळ घालताना दिसायचा.

सप्टेंबरच्या शेवटी दोघं जिल्ह्याच्या जत्रेला गेली. मोठमोठे भोपळे बघितले, गाई बघितल्या, एक सॉसेज दोघांत खाल्लं. संध्याकाळी परत आली तर घरभर चॉकलेटचा घमघमाट. अर्लीनला क्षणभर वाटलं कुणी आपल्यासाठी केक भाजतंय. एल्वुडने तळघराचं दार उघडलं आणि वाफेचा लोट वर आला.

पाण्याचा जुना बंब फुटला होता. दिवसभर कढत पाणी तळघरात वाहत होतं. खाली वाफेची खोली झाली होती आणि थर्मामीटरचा पारा वर चढून टोकाला बसला होता. मला अर्लीनने हाक मारली म्हणून मी धावत गेले. एल्वुड पायरीवर बसला होता, हातात एक खोकं. त्यातल्या सशाला कान उरले नव्हते. तोंड घसरून पोटावर आलं होतं आणि पिवळा बो तेवढा जागच्या जागी होता.

मला हसू आलं, पण एल्वुडचं तोंड बघून ते आत गेलं. बंब नवीन घ्यावा लागला तर परवडेल का, हा त्याच्या जागी मला पहिला प्रश्न पडला असता. तो त्या सशाकडेच बघत होता.

अर्लीन त्याच्या शेजारी बसली. या वर्षी पोर्चचा दिवा नाही लावला तरी चालेल, असं ती हळूच म्हणाली. मी तुला टोचून बोलणार नाही. तू खूप केलंस.

"सहाशे पोरं येतील," एल्वुड म्हणाला. "त्यांना काय सांगू? बंब फुटला?"

"सांग की. खरंच आहे."

"दिवा लागणार," तो म्हणाला आणि उठला.

बंबाचे पैसे निघाले तिसऱ्या पाकिटातून. बरोबर पुरले असं नाही, थोडे त्याला शुक्रवारच्या माशातून घालावे लागले, पण निघाले. अर्लीनने नंतर त्या पाकिटाला कधी हात जोडले नाहीत इतकंच, बाकी ती त्याच्याबद्दल आदराने बोलायला लागली.

राहिले ससे. खोकी बंद होती, चॉकलेट स्वच्छ होतं, फक्त आकार गेला होता. तसले गोळे पोरांच्या पिशव्यांत टाकून चालत नाही. आईबाप घरी जाऊन उघडं काही दिसलं की फेकून देतात, आणि बरोबरच करतात. एल्वुडने तीन दिवस डोकं खाजवलं. शेवटी मार्ग अर्लीनलाच सुचला, आणि तो सुचला सकाळी दूध तापवताना.

"वितळलंच आहे, तर आणखी वितळवू," ती म्हणाली.

ऑक्टोबरात शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर फुटबॉलचे सामने असतात. सगळं गाव तिथे पायऱ्यांवर गारठत बसतं. खाण्याचा ठेला शाळेच्या बँडमधल्या मुलांचे पालक चालवतात, आणि ते सगळे एके काळी अर्लीनच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिलेले. तिने शब्द टाकला आणि ठरलं की कोको अर्लीन करणार, एल्वुड विकणार, आणि येईल त्यातलं अर्धं बँडला. शाळेची मोठी पातेली तिला हाताच्या रेषांसारखी पाठ होती. दूध, चिमूटभर मीठ आणि ससे. वास असा सुटला की पहिल्या शुक्रवारी पाहुण्या संघाची माणसंसुद्धा आपली बाजू सोडून आमच्या ठेल्यावर आली.

आणि एल्वुड, जो खाणीवर दिवसाला दहा शब्द बोलायचा, तो आरडाओरडा करून विकत होता. प्रत्येक कपात एक ससा बुडून मेलाय, त्याला वाया घालवू नका. आमच्या संघाने सामना साफ गमावला तरी कुणी घरी जाईना. एका बाईने कोको महाग आहे म्हटलं, तर एल्वुडने तिला दोन कप घेतल्यावर स्वस्त पडतो हे पटवलं. मी शेजारी उभी राहून कप पुसत होते. त्या थंडीत त्याची टोपी मागे सरकली होती आणि कपाळावर घाम होता.

चार शुक्रवार गेले. एकाही सशाचा मागमूस उरला नाही. बँडला दोन नवे ढोल मिळाले आणि एल्वुडचं पहिलं पाकीट इतकं फुगलं की ते चुंबकाखालून निसटून खाली पडलं. यारित्झा भावाचा ट्रक घेऊन पहाटे घाऊक बाजारात गेली आणि सगळ्या रस्त्याचा खाऊ घेऊन आली. अख्खे बार, फक्त अर्लीनसाठी नव्हे, प्रत्येक घरासाठी. माझ्यासाठीसुद्धा. चिमटीतल्या गोळ्या मी त्या दिवशी टपाल कचेरीतल्या वाटीत रिकाम्या केल्या.

सजावटीच्या पाकिटाला तर त्याने जवळपास हातच लावला नाही. सशांच्या रिकाम्या खोक्यांचे त्याने थडग्याचे दगड कापले, राखाडी रंग दिला आणि हिरवळीवर रांगेने उभे केले. प्रत्येकावर एकेका सशाचं नाव, आणि खाली मृत्यूचं कारण: बंब.

हॅलोविनच्या दिवशी हवा कोरडी आणि थंड होती. वाळकी पानं पायाखाली चुरचुरत होती. सहाला भोंगा वाजला आणि एल्वुडने जन्मात पहिल्यांदा ते पाहिलं, जे इतकी वर्षं त्याने फक्त डोक्यावरून ऐकलं होतं. रस्त्याच्या दोन्ही टोकांनी पोरं आली. चेटकिणी, हाडांचे सापळे, शेपटी ओढत चाललेला डायनासोर, आईच्या कडेवर झोपलेला भोपळा. कोपऱ्यावर यारित्झाने दुकानाच्या दारात गाणी लावली होती आणि ती स्वतः मिरचीच्या पोशाखात नाचत खाऊ वाटत होती. दोन कानांचा तो लांबलचक पांढरा ससा पोर्चवर ताठ उभा होता. 

मग एक मुलगा आला कपडे धुण्याचं यंत्र होऊन. अंगावर पुठ्ठ्याचं खोकं, पोटाला झाकणाच्या जागी जुनी थाळी, आत दोन मोजे. एल्वुड खाली वाकला.

"हे घरी केलंस?"

"हो."

"किती खर्च आला?"

"काहीच नाही," मुलगा म्हणाला. "मोजे माझेच आहेत."

एल्वुडने त्याला दोन बार दिले. त्याने हे करायला नको होतं, कारण पाच मिनिटांत ही बातमी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. त्यानंतर त्याच्या पायऱ्या चढणारं प्रत्येक पोर नमस्काराच्याही आधी सांगू लागलं की माझा ड्रेस फुकटात झालाय. चकचकीत तलवारी घेतलेले, दुकानातले पंख लावलेले, सगळे फुकटात. अर्लीन एकीच्या पाठीवरची किमतीची चिठ्ठी दाखवत त्याला डोळ्यांनी खुणावत होती. एल्वुड त्या परीला म्हणाला, "चिठ्ठी तरी काढायची होतीस, बाळ," आणि तिलाही दोन दिले. मी माझा दिवा तसाच ठेवून, खाऊची टोपली पायरीवर मांडून त्याच्या पोर्चवर जाऊन उभी राहिले. माझ्याने राहवेना.

साडेसातच्या सुमारास शेताकडच्या मिसेस क्लिंगर नातवंडं घेऊन आल्या. दरवर्षी येणाऱ्या, कानाने जरा कमी. त्यांनी सशाकडे खालून वर बघितलं, मग अर्लीनचे दोन्ही हात हातात घेतले.

"मिस अर्लीन, पुन्हा लग्न केलंत. बरं केलंत. एकटीने किती वर्षं काढायची."

अर्लीनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनीही मान डोलावली, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की शेताकडची निम्मी माणसं तिला इतकी वर्षं विधवा समजत होती. मिसेस क्लिंगर एल्वुडकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "हिला जपा हो. हिच्या पहिल्याने फारसं सुख दिलं नसावं. कधी दिसला नाही बिचारा."

एल्वुडने पडलेला कान डोळ्यावरून मागे सारला.

"हो," तो म्हणाला, "पहिला फारच चिकट होता."

अर्लीन हसायला लागली. पोर्चचा खांब धरून हसली, मग खाली बसून हसली, डोळ्यांचं पाणी पुसत हसली. मिसेस क्लिंगरना वाटलं नवीन लग्नाचा आनंद आहे. त्याही हसल्या आणि नातवंडांना घेऊन पुढे गेल्या.

गर्दी जरा ओसरल्यावर एल्वुड तिला म्हणाला, "तू लोकांना मी मेलो म्हणून सांगत होतीस?"

"मी कशाला सांगू," अर्लीन म्हणाली. "ते विचारायचे, तुमचे मिस्टर कुठे असतात. मी जमिनीकडे बोट करून म्हणायचे, तो खाली असतो."

यावर एल्वुड स्वतः असा हसला की त्याचा ताठ कानसुद्धा पडला. त्याला तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. आणि मग तो रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांकडे बघत राहिला आणि अर्लीनच्या खांद्यावर हात टाकला. इतक्या वर्षांत किती हॅलोविन खाली काढले, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं असावं.  पुढचं पोर पायऱ्या चढून आलं, ते जलपरी होतं, आणि तिचा ड्रेस फुकटात झाला होता.

आठला भोंगा वाजला. खाऊ पुरला होता, रस्त्याच्या प्रत्येक घरात पुरला होता. यारित्झा मिरचीच्याच वेशात ट्रकभर खुर्च्या घेऊन आली आणि सगळे रस्त्याच्या मधोमध बसलो. कुणी सफरचंदाचं सायडर गरम करून आणलं, कुणी मक्याच्या लाह्या. यारित्झाने एल्वुडला विचारलं, डॉन एल्वुड, पुढच्या वर्षीची भिशी कधीपासून? एल्वुड म्हणाला, उद्यापासून. भोपळ्याच्या दिव्यांचे भाव उद्या सकाळी अर्ध्यावर येतात, त्याची तिने नोंद घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर जाण्याआधी नदीकाठच्या छोट्या हॉटेलात नाश्त्याला गेले, तर खिडकीशी ती दोघं बसलेली. समोर पहिलं पाकीट. सगळं होऊन त्यात थोडे पैसे शिल्लक राहिले होते. अर्लीन म्हणत होती, ते तसेच ठेवून दे, पुढच्या वर्षाला तेवढीच मदत. एल्वुड खिडकीतून नदीकडे बघत ऐकत होता.

वाढणारी मुलगी आली. ती दोघांना ओळखत होती. वर्षाकाठी एकदा येत तेव्हाच्या त्यांच्या सवयीप्रमाणे तिने ॲपल पायची एक ताटली आणि दोन काटे समोर ठेवले.

"दोन आण," एल्वुड म्हणाला. "आणि दोन्हींवर आइस्क्रीम घाल."

मुलगी अर्लीनकडे बघत राहिली. अर्लीन एल्वुडकडे. मग तिने अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, समोरचं पाकीट मीठदाणीला टेकवून ठेवलं आणि ऐसपैस बसली.